आकाशांतील पाहणी आणि आपला पीकपेरा

पंचगंगेच्या खोऱ्यांतील हिरवळीची मोजदाद आतां आकाशांतून होत असते. हा विषय शास्त्रज्ञांचा, आपला त्याशीं संबंध नाहीं, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. परंतु पंतप्रधान पीकविमा योजनेंत २०२३ पासून उत्पन्नाच्या अंदाजास उपग्रहचित्रांची जोड देण्यांत येऊं लागली आहे. सबब त्या चित्रांत काय दिसतें व काय दिसत नाहीं, हें प्रत्येक जमीनधारकानें समजून घेणें अगत्याचें आहे.

हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें, आणि तांबड्यापलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणाचा अंक काढतात. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून, आपले आय. आर. एस. १९८८ पासून व युरोपचे सेंटिनेल-२ हे २०१५ पासून अशीं चित्रें घेत आले आहेत. सेंटिनेलच्या चित्रांतील एक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे एक आर. आपल्या गुंठ्याहून किंचित् लहान. एवढी बारीक पाहणी दर पांच दिवसांनीं होते, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तथापि हिरवेपणाचा अंक म्हणजे पीक नव्हे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या पाण्यावर वाढलेला अडसाली ऊस सुमारें दीड वर्ष शेतांत उभा असतो. जेथें पूर्वीं चैत्रांत ज्वारीचीं धसकटें किंवा भाताचें मोकळें खाचर दिसे, तेथें तो हिरवागार असतो. वरून पाहणारा म्हणेल, खोऱ्यांत हिरवळ वाढली. पण नदीकांठचीं झाडें, गायरानांतील गवत व माळावरील नाचणी घटली असल्यास तो तोटा उसाच्या हिरवेपणांत झांकून जातो. शिवाय पावसाळ्यांत ढग आडवे येतात. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह पुराचें पाणी कोठवर पसरलें तें दाखवितात. २०१९ च्या महापुरांत त्यांचा उपयोग झाला. मात्र पाण्याखालीं गेलेलें रान कोणाचें व त्यांत कोणतें पीक होतें, हें त्या चित्रावरून ठरत नाहीं.

तें सांगणारें दप्तर म्हणजे गांव नमुना बारा. महसूल खात्यांतील चाकरीच्या अनुभवावरून सांगतों कीं, बांधावर न जातां गतसालचीच नोंद पुढें उतरविण्याची चाल मीं पाहिली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्यास आपल्या शेतांत उभें राहून छायाचित्रासह पेरा नोंदविण्याची सोय झाली. आळसानें ती दवडणें म्हणजे आपला साक्षीदार आपणच घालविणें होय. नोंद एक व चित्र दुसरें सांगूं लागलें, तर संशय खातेदारावर येईल.

आमच्या सूचना दोन. पहिली, प्रत्येक सभासदानें मुदतींतच खरी नोंद करावी. मिश्र पीक, बांधावरचीं झाडें व पडही वगळूं नये. दुसरी, जुन्या पीकपाहणी पत्रकांच्या नकला गांवोगांवच्या संस्थांनीं मिळवून जपून ठेवाव्या. लँडसॅटपूर्वींच्या काळांत कोणत्या गटांत काय पिकत होतें, हें सांगणारा दुसरा सलग लेखी पुरावा सहसा मिळत नाहीं. उद्यां खोऱ्याच्या पाण्याचा व पिकांचा निर्णय करणाऱ्यांपुढें केवळ चित्रें असतील, तर आपल्या हातांत हीं पत्रकें असलीं पाहिजेत.