डबा उघडा, रेडिओ आपोआप कळेल

बुलढाणा जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या आपल्या पोरांनी रेडिओचं प्रॅक्टिकल बंद डब्यावरच का करायचं? नॉब फिरवा, लहर पाहा, जर्नलमध्ये आकृती काढा. आत काय चालतं, ते विचारू नका. ज्ञान झाकून फक्त विधी करायला लावणं आपल्याला नवीन आहे काय?

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत अँटेनाने पकडलेली लहर आकड्यांत बदलते. ती गाळणं, तिच्यातून आवाज वेगळा काढणं, ही सर्किटची कामं संगणकावरचा प्रोग्राम करतो. २००१ साली सुरू झालेला जीएनयू रेडिओ फुकट आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे त्याचा कोड उघडा आहे. वाचा, मोडा, बदला. टीव्हीसाठी बनलेला आरटीएल-२८३२यू चिपचा डोंगल असाच रेडिओ होतो, हे २०१२ पासून जगाला माहीत आहे. त्यावर आकाशवाणीचं एफएम ऐका. योग्य अँटेना, फिल्टर, अॅम्प्लिफायर जोडा, तर आकाशगंगेतल्या हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची खूणही सापडते. खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना हीच खूण टिपू शकतात.

‘स्वस्त साधन म्हणजे गरिबांना दुय्यम शिक्षण’ असं कोणी म्हणेल. उलट, दुय्यम तो बंद डबा आहे! अचूक मोजमापाची महाग यंत्रं लागतातच, तीही मागूच. (प्रसारणाला परवाना लागतो, इथे गोष्ट ऐकण्याची आहे.)

तेव्हा मित्रांनो, शिष्यवृत्तीच्या निवेदनासोबत अमरावती विद्यापीठाला आणखी एक निवेदन द्या: हा विषय अभ्यासक्रमात घ्या, आणि प्रयोगपुस्तिका मराठीत काढा.