एदुआरला कापू नका

दर दोन-चार महिन्यांनी माझ्या फोनवर तीच रील फिरून येते. काळा कोट, उंच कॉलर, मागे धीमं संगीत. त्याला जिवंत गाडलं, तो परत आला, एकेकाचा हिशेब केला. मग यादी येते, जगातल्या सर्वोत्तम दहा सूडकथा, आणि पहिल्या क्रमांकावर अलेक्झांडर द्यूमाची 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'. खाली पोरं लिहितात, भावा, आपणही असंच गप्प राहायचं आणि वेळ आली की दाखवून द्यायचं.

माझं भांडण त्या पोरांशी नाही. त्यांना जे पुस्तक विकलं गेलं, त्यात एवढंच होतं. भांडण आहे ते विकणाऱ्यांशी: संक्षिप्त आवृत्त्या काढणारे, सिनेमावाले, दहा मिनिटांत कादंबरी 'समजावून' सांगणारे. हे पुस्तक पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकलं ते सुडाच्या गोडीवर, असं हे सगळे सांगतात, आणि त्या समजाला धरून कात्री चालवतात. मग जे कापलं जातं तोच या पुस्तकाचा जीव असतो. (पुढे सगळं कथानक सांगणार आहे. पुस्तक 1844 सालचं आहे, स्पॉयलरची तक्रार ऐकली जाणार नाही.)

आधी एक साधा पुरावा. नुसती सूडकथा द्यूमाच्या आधीच छापलेली होती. झाक पोशे नावाच्या माणसाने पॅरिस पोलिसांच्या दप्तरातून काढल्याचं सांगत ज्या हकीकती लिहिल्या, त्यात पिको नावाच्या चांभाराची गोष्ट आहे. 1807 साली त्याचं लग्न ठरतं, जळफळणारे मित्र त्याला इंग्रजांचा हेर ठरवतात, तो तुरुंगात सडतो, तिथे एका धर्मगुरूकडून त्याला संपत्ती मिळते, 1814 साली सुटल्यावर तो वेष बदलून एकेकाला संपवतो आणि शेवटी त्याच टोळक्यातल्या एकाच्या हातून मरतो. सगळा मसाला इथे तयार आहे. सूड हेच आकर्षण असतं तर आज लोक पिकोची गोष्ट वाचत असते. ती आता फक्त द्यूमाच्या चरित्रकारांना ठाऊक आहे.

मग द्यूमाने त्यात घातलं काय?

पहिली गोष्ट म्हणजे कागद. एदमाँ दान्तेस हा मार्सेचा एकोणीस वर्षांचा खलाशी. 1815 चा फेब्रुवारी, नेपोलियन एल्बा बेटावर आहे. दान्तेस लवकरच कप्तान होणार म्हणून जहाजावरचा हिशेबनीस दांग्लार जळतो, आणि मर्सेदेस त्याच्याशी लग्न करणार म्हणून तिचा चुलतभाऊ फर्नां जळतो. दांग्लार डाव्या हाताने एक निनावी फिर्याद लिहितो, चुरगळतो आणि 'गंमत केली' म्हणून कोपऱ्यात फेकून देतो. फर्नां ती उचलतो. शेजारी कादरूस दारूच्या नशेत सगळं बघतो आणि दुसऱ्या दिवशी भीतीने तोंड मिटून बसतो. तिघांपैकी कुणीच स्वतःला खुनी समजत नाही.

मग येतो विलफोर, तरुण सरकारी वकील. त्याला पाच मिनिटांत कळतं की पोरगा निर्दोष आहे. सोडायलाच निघालेला असतो. तेवढ्यात दान्तेसजवळच्या पत्रावरचा पत्ता दिसतो आणि तो असतो विलफोरच्याच बापाचा. बाप नेपोलियनवाला निघाला तर मुलाचं करिअर संपलं. विलफोर ते पत्र दान्तेसच्या डोळ्यांदेखत जाळतो, आणि दान्तेस त्याचे आभार मानतो! त्याच रात्री त्याला शातो दीफ या समुद्रातल्या किल्ल्यावर नेतात. खटला नाही, शिक्षा नाही. आपल्याकडे ज्याला कच्चा कैदी म्हणतात त्याला निदान तारीख तरी मिळते.

पुढे तुरुंगाचा निरीक्षक येतो. माणूस वाईट नाही, फाइल बघतो म्हणतो आणि खरंच बघतो. फाइलवर लिहिलेलं असतं की हा कट्टर बोनापार्टवादी आहे. निरीक्षक 'काही करता येण्याजोगं नाही' अशा अर्थाचा शेरा मारून निघून जातो. नंतर नवा अधिकारी येतो. त्याला कैद्यांची नावं पाठ करायचा कंटाळा, म्हणून तो कोठडीच्या क्रमांकावरून हाका मारायला लावतो. दान्तेस आता 34 नंबर. मला या पुस्तकात सर्वांत भीती वाटते ती इथे. तलवार नाही, राक्षस नाही. एक मत्सर, एक करिअर, एक शेरा आणि एक आळस, एवढ्यावर एका माणसाची चौदा वर्षं जातात. ज्याने कधी एखाद्या कार्यालयाच्या खिडकीपुढे 'तुमची फाइल वर गेली आहे' हे वाक्य ऐकलंय, त्याला हे पुस्तक परकं वाटणारच नाही.

द्यूमाला हे कुठून सुचलं असेल, याचा एक धागा त्याच्या घरात आहे. त्याचे वडील जनरल द्यूमा हे एका फ्रेंच सरदाराचे आणि सां-दोमिंग वसाहतीतल्या एका काळ्या गुलाम स्त्रीचे पुत्र. फ्रान्सच्या सैन्यात ते जनरल झाले. 1799 साली इजिप्तहून परतताना नेपल्सच्या राज्यात पकडले गेले, सुमारे दोन वर्षं कैदेत राहिले, तब्येत मोडून बाहेर आले आणि 1806 साली गेले. मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. ज्या सत्तेसाठी लढले तिने कुटुंबाकडे पाठ फिरवली. अंधारकोठडीतून बाहेर येणारा माणूस कसा दिसतो, हे या लेखकाला घरातूनच माहीत होतं.

कोठडीत दान्तेसला भेटतो तो आबे फारिया. नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. पणजीत मांडवीकाठी जुन्या सचिवालयाजवळ हात पसरून उभा असलेला पुतळा त्याच नावाच्या खऱ्या माणसाचा, 1756 साली कांदोळीत जन्मलेल्या आणि 1819 साली पॅरिसमध्ये वारलेल्या गोव्याच्या धर्मगुरूचा. संमोहनाच्या अभ्यासातला तो आद्य पुरुष. द्यूमाने त्याचं नाव उचललं, पात्र मात्र इटालियन केलं. गोव्याचा एवढा एक माणूस जागतिक कादंबरीत शिरला आणि तोही पासपोर्ट बदलून, याची मला दर वेळी थोडी चुटपुट लागते.

तर हा फारिया दान्तेसला भाषा शिकवतो, गणित शिकवतो, आणि एका दुपारी नुसते प्रश्न विचारून त्याच्यावर कुणी घाव घातला ते शोधून देतो. स्वतः डाव्या हाताने लिहून दाखवतो की डाव्या हाताची अक्षरं कशी सारखीच दिसतात. रीलवाल्यांना हा प्रसंग फार आवडतो. त्याच्या लगेच पुढचं मात्र ते दाखवत नाहीत: फारियाला ताबडतोब पश्चात्ताप होतो. या पोराच्या मनात आपण सुडाचं बी टाकलं, हे त्याला कळतं आणि तो ते बोलूनही दाखवतो. सूड सुरू व्हायच्या आधीच, ज्या गुरूने डोळे उघडले तोच कचरतो. हे पान गळलं की दान्तेसचा पुढचा प्रवास निर्विवाद विजययात्रा वाटू लागतो.

आता मान्य करायला हवं की पुढची पाचेकशे पानं मजा येते. खूप येते. कुणी मला सांगितलं की त्याला काउंटच्या चाली वाचताना आनंद झाला नाही, तर मी विश्वास ठेवणार नाही. माझा लाडका प्रसंग टेलिग्राफचा. तेव्हाचा टेलिग्राफ म्हणजे मनोऱ्यावरचे लाकडी हात हलवून पाठवायच्या खुणा. मनोऱ्यावरच्या माणसाला स्वतः काय पाठवतो ते कळत नाही, त्याला आपल्या बागेची काळजी, फळं कुरतडणाऱ्या प्राण्यांची चिंता. काउंट त्याला पंचवीस हजार फ्रँक देतो आणि एक खोटी बातमी पुढे ढकलायला लावतो. स्पेनचे रोखे कोसळतात, आता बँकर झालेला दांग्लार घाबरून विकतो, दुसऱ्या दिवशी खुलासा येतो की धुक्यामुळे खूण चुकली, आणि भाव दुपटीने वर जातो. दांग्लारला एकूण दहा लाखांचा फटका. फॉरवर्ड केलेल्या खोट्या बातमीवर बाजार पाडणं, 1840 च्या दशकात!

पण द्यूमा लबाड आहे. तो तुम्हाला हसवतो आणि मधेच एखादी गार गोष्ट सहज सांगून जातो. काउंटचा नोकर अली मुका आहे. तो मुका कसा झाला? ट्युनिसच्या राजाने त्याला शिक्षा दिलेली, एका दिवशी जीभ, दुसऱ्या दिवशी हात, तिसऱ्या दिवशी डोकं. काउंटला मुका नोकर हवाच होता. म्हणून तो जीभ कापली जाईपर्यंत थांबला आणि मग पुढची शिक्षा टाळण्याचा सौदा करून त्याला घेऊन आला. हे तो मॉन्टे क्रिस्टो बेटावरच्या गुहेत पाहुण्याला जेवू घालताना हसतमुखाने सांगतो. ज्याला 'शांत राहा आणि वेळ आली की दाखव' म्हणून डोक्यावर घेतलंय तो हा माणूस.

आणि मग एदुआर. विलफोरचा दुसऱ्या बायकोपासूनचा मुलगा, आठ-नऊ वर्षांचा, लाडावलेला, वाचकाला चीड आणणारा. त्याची आई एलोईज हिला मुलासाठी वारसा हवा आहे. काउंट तिच्याशी विषांबद्दल लांबलचक, अभ्यासपूर्ण गप्पा मारतो. घरात माणसं मरू लागतात. काउंटला कळतं की त्या घरात विष फिरतंय, तरी तो हात बांधून बसतो. त्या घराने आपलं भोगावं, असं त्याचं म्हणणं. तो हलतो तेव्हा, जेव्हा त्याच्या लाडक्या माक्सिमिलियेंचं विलफोरच्या थोरल्या मुलीवर प्रेम आहे असं त्याला समजतं. म्हणजे मरणारी व्यक्ती आपल्या माणसाची निघाली की मगच दया! शेवटी विलफोर बायकोला आत्महत्येचा पर्याय देऊन कोर्टात जातो, तिथे स्वतःचं पाप उघडं पडल्यावर तिला माफ करायचं ठरवून धावत घरी येतो, तर ती मरत असते आणि मुलाला तिने बरोबर नेलेलं असतं. विलफोर काउंटला ते पोर दाखवतो. काउंट एदुआरला जिवंत करायचा प्रयत्न करतो. जमत नाही. विलफोर वेडा होऊन बागेत माती उकरू लागतो, आणि काउंट त्या घरातून पळत बाहेर पडतो. देव माझ्या बाजूने आहे, हे इतकी वर्षं तो स्वतःला सांगत आलेला असतो. ते आता त्याला सांगता येत नाही.

माझ्या शाळेच्या वाचनालयात या कादंबरीची जी आवृत्ती होती, ती सव्वाशे पानांची होती आणि तीत एदुआर नव्हताच. विलफोर नुसताच वेडा होतो. मुलांसाठी काढलेल्या पुस्तकात मूल मेलेलं नको, असा हिशेब असावा. त्या हिशेबाने मुलांच्या हाती काय पडलं? बरोब्बर गुन्हेगारांनाच लागणारा सूड. असा सूड जगात कुठे पाहिलाय कुणी? शेजारी राहणाऱ्याला, बायकोला, पोराला न लागता नेमका नेम साधणारा?

2002 च्या हॉलिवूडपटाने तर कमाल केली. तिथे मर्सेदेसचा मुलगा आल्बेर हा दान्तेसचाच निघतो, फर्नां तलवारबाजीत मरतो आणि बाप, आई, मुलगा एकत्र येतात. कादंबरीत मर्सेदेस काउंटला आवाजावरून सर्वांच्या आधी ओळखते, मुलासाठी पदर पसरते, आणि अखेरीस मार्सेमध्ये त्याच्या बापाच्या जुन्या घरात एकटी राहते. मुलगा आफ्रिकेत सैन्यात गेलेला. जिने काहीच केलं नव्हतं तिच्या वाट्याला हे. सिनेमाने ते वाटेतून उचलून बाजूला ठेवलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अहो, द्यूमाला ओळीमागे पैसे मिळायचे, त्याने पाणी घातलं, ते काढलं तर काय बिघडलं? पैसे ओळीमागे मिळायचे हे खरं. मॅके नावाचा सहकारी कथानकाला हात लावत होता हेही खरं. आणि पाणी आहेच, रोमच्या कार्निव्हलची काही पानं मीही चाळत पुढे जातो. विकत घेतलेली हायदे शेवटी प्रेयसी होते, हे तर मला मुळीच पटलेलं नाही. पण हे पुस्तक 28 ऑगस्ट 1844 पासून 15 जानेवारी 1846 पर्यंत 'जुर्नाल दे देबा' या दैनिकात क्रमशः आलं. पहिल्या वाचकांनी दान्तेसबरोबर वाट पाहिली, दांग्लारला बुडताना पाहून महिनोन् महिने टाळ्या वाजवल्या, आणि मग त्यांच्या पुढ्यात एदुआर आला. टाळ्या वाजवायला तेवढा वेळ मिळाल्याशिवाय ते पोर तुमच्या अंगावर येत नाही. दहा मिनिटांच्या व्हिडिओत ते फक्त एक 'ट्विस्ट' होतं.

एदुआरनंतर उरतो दांग्लार. रोमजवळच्या दरोडेखोरांच्या गुहेत त्याला एका कोंबडीसाठी एक लाख फ्रँक मोजायला लावतात. सुडाचा हा सर्वांत चविष्ट भाग व्हायला हवा होता, कारण पहिली चिठ्ठी यानेच लिहिली होती. काउंट त्याला सोडून देतो. दांग्लार ओढ्यावर पाणी प्यायला वाकतो तेव्हा त्याचे केस पांढरे झालेले दिसतात, बस.

कादंबरीची एकूण 117 प्रकरणं आहेत. 19व्या शतकातला इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे आणि फोनवर नीट वाचता येतो. रोज एक प्रकरण धरलं तर चार महिने लागतील. विकत घेणार असाल तर दुकानात पुस्तक हातात घ्या आणि 111वं प्रकरण उघडा. तिथे विलफोरच्या घरात एक लहान मुलगा नसेल, किंवा 111वं प्रकरणच नसेल, तर पुस्तक परत फळीवर ठेवा.