पिस्तूल लक्षात राहिले, वही राहिली नाही : पुणे १८९७ ते बेथलेहेमचा नाका

१/ २२ जून १८९७ ची रात्र महाराष्ट्राला पाठ आहे. गणेशखिंडीचा रस्ता, राणीच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव, रँडवर झाडलेली गोळी आणि पुढे चापेकर बंधूंची फाशी. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सरकारची जाहीर माफी मागितली, ही घटना मात्र क्वचितच सांगितली जाते. तपासणीच्या जागी वही घेऊन उभा राहणारा त्रयस्थ कशासाठी लागतो, हे समजायचे तर त्या माफीकडे पाहावे लागते.

२/ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. रेल्वेने वा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांना तपासण्याचा व संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. चौथ्या कलमाने आणखी एक सोय केली : या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. म्हणजे तपासणारा कोण हे कायद्याने सांगितले. तपासणाऱ्याला तपासणारा कोण, याविषयी कायदा गप्प राहिला.

३/ १३ मार्चपासून पुण्याच्या पेठांत गोऱ्या शिपायांच्या पथकांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. प्लेग समितीचा अध्यक्ष रँड. देवघर, माजघर, स्वयंपाकघर, कोणतीच खोली वर्ज्य राहिली नाही. पथकाबरोबर एखादा स्थानिक गृहस्थ असावा अशी योजना होती. पण तो समितीचा मदतनीस होता. समितीच्या कारभाराची स्वतंत्र नोंद ठेवणे हे त्याचे काम नव्हते.

४/ गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून त्यांना पत्रे येत होती. त्या आधारावर त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की, शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केली. पार्लमेंटात प्रश्न निघाले. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला.

५/ मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी माहिती देणाऱ्यांकडे पुरावा मागितला. उघडपणे पुढे यायला कोणी तयार झाले नाही. गोखल्यांनी त्यांची नावे फोडली नाहीत. बिनशर्त माफी मागितली आणि देशातही बोलणी खाल्ली. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या रुग्णालयातील व छावणीतील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहिले होते, गव्हर्नरांनी तेही चुकीचे ठरवून टाकले.

६/ इतिहासकारांनी गोखल्यांच्या भिडस्तपणावर पुष्कळ लिहिले. त्याहून मोठा प्रश्न बाजूला पडला : पुरावा असणार तरी कुठे? कोणत्या पेठेत, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणते पथक शिरले, याची पथकाबाहेरच्या कोणीही रोजच्या रोज ठेवलेली नोंद सरकारपुढे टाकता आली नाही. बोलणारे सगळे प्रजा होते. टिळकांना जुलैत अटक झाली आणि राजद्रोहासाठी दीड वर्षाची शिक्षा. नातू बंधूंना तर खटल्याविना स्थानबद्ध केले गेले. अशा हवेत सही करून साक्ष द्यायला कोण पुढे येणार? गोखल्यांना पाठिंबा देणारे वेडरबर्न होते, पण ते लंडनमध्ये. पेठेच्या तोंडाशी त्यांच्यासारखे कोणी उभे नव्हते.

७/ राज्यकर्त्या समाजातलीच माणसे नाक्यावर जाऊन उभी राहिली तर काय घडते, याचे उदाहरण शतकानंतर दुसऱ्या भूमीवर सापडते. दुसरा इंतिफादा पेटलेला असताना, २००१ च्या आरंभी, काही इस्रायली स्त्रियांनी ‘मखसोम वॉच’ ही संघटना स्थापली. ‘मखसोम’ म्हणजे हिब्रू भाषेत अडथळा, नाका. वेस्ट बँकमधील लष्करी नाक्यांवर सकाळी व दुपारी पाळीपाळीने उभे राहायचे, दिसेल ते लिहायचे आणि ते प्रसिद्ध करायचे, एवढेच त्यांचे काम.

८/ नाका म्हणजे काय, हे नवी मुंबईतल्या वाचकाला आपल्या रोजच्या प्रवासावरून ताडता येईल. करावे गावातला कामगार सीवूड्स स्थानकात लोकल धरतो आणि वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईत उतरतो. तिकिटापलीकडे त्याला कोणी काही विचारत नाही. बेथलेहेम ते जेरुसलेम हे अंतर जेमतेम दहा किलोमीटर. तिथल्या पॅलेस्टिनी कामगाराला मात्र लष्कराचा परवाना लागतो आणि सात वाजता कामावर हजर व्हायचे तर पहाटेच्या अंधारातच ‘नाका ३००’च्या रांगेत २०२३ पर्यंत उभे राहावे लागे. परवाना का नाकारला, याचे कारण बहुधा ‘सुरक्षा’ या एका शब्दात संपते.

९/ या स्त्रियांचे अहवाल कोरडे असतात, आणि त्यातच त्यांचे मोल आहे. किती फाटके उघडी, रांग कुठवर, कोणाला परत पाठवले, रुग्णवाहिका किती वेळ अडकली. याशिवाय सुरक्षा खात्याच्या काळ्या यादीत नाव पडलेल्यांचे अर्ज लिहून देण्याचे कामही त्यांच्यातल्या काहीजणी करतात.

१०/ नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या बैत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवत असल्याचे दृश्य अशाच एका स्वयंसेविकेने चित्रित केले. इस्रायलमध्ये गदारोळ उठला. त्याने स्वखुशीने वाजवले की त्याला वाजवायला लावले, यावर मतभेद राहिले. पण लष्कराला खुलासा द्यावा लागला. सांगणाऱ्याला माफी मागावी लागली नाही. १८९७ आणि २००४ यांतला फरक नेमका हा.

११/ पहिला आक्षेप : बॉम्बस्फोट खरे होते, मग तपासणी नको का? स्फोट खरेच होते, निरपराध माणसे मेली. पुण्यातला प्लेगही खराच होता. धोका खरा असतो तेव्हाच सत्तेला सर्व काही माफ करण्याची लोकांची तयारी सर्वाधिक असते. म्हणून पहाऱ्याची गरजही तेव्हाच सर्वाधिक. धोका खोटा असेल तर त्याच्या नावाने केलेला जुलूम फार काळ लपत नाही.

१२/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पॅलेस्टिनींच्या बाजूने येतो : या बायका उभ्या राहिल्याने नाका हटत नाही, उलट त्याला माणुसकीचा मुलामा मिळतो. वृद्ध व रुग्णांसाठी वेगळे फाटक उघडले की अन्याय नुसता सुसह्य होतो. आक्षेप खरा आहे. संघटनेतही यावर वाद झाले आहेत. पण वही म्हणजे मुक्ती, असे कोणी म्हटलेले नाही. २०२४ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदा असल्याचे मत दिले. ताब्याखाली दिवस कसे जातात हे नाकारणाऱ्याला उत्तर द्यायचे तर तारीखवार नोंदीच लागतात.

१३/ तिसरा आक्षेप जुनाच : या देशद्रोही आहेत. आपल्या सैन्यावर नजर ठेवणारा शत्रूचा हस्तक, हे समीकरण प्रत्येक देशात चालते. वास्तविक सैनिक ज्यांच्या नावाने बंदूक धरतो, त्या नागरिकांना त्या बंदुकीचा हिशेब मागण्याचा पहिला अधिकार आहे.

१४/ ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर बहुतेक पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने स्थगित झाले आणि पहाटेच्या रांगा ओसरल्या. दोन दशकांच्या नोंदी उरल्या आहेत. ‘असे काही घडलेच नाही’ असे म्हणणे त्यांच्यामुळे अवघड झाले आहे.

१५/ आणि हा विषय दूरच्या भूमीचा समजू नये. १८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. जिल्हा ओलांडायला ई-पास लागला, महामार्गांवर नाके बसले, पायी निघालेल्या मजुरांना अडवले गेले. साथ तेव्हाही खरी होती. कोणत्या नाक्यावर कोण अडले, किती तास, कोणाच्या हुकमाने, याची रोजची नोंद नागरिकांनी किती ठिकाणी ठेवली? चापेकरांचे पुतळे उभारणाऱ्या समाजाने गोखल्यांच्या माफीचाही धडा घ्यायला हवा : पुढच्या नाक्यापाशी वही घेऊन उभे राहणाऱ्याला हुसकावू नये, आणि जमल्यास त्याच्या शेजारी उभे राहावे.

(समाप्त)