विषय बदलायचाय, पण व्हिसाचं काय?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्याकडे जेवायला आलेल्या एका मुलाने पिठलं-भाकरी संपता संपता हळूच विचारलं, "काका, पीएचडी सोडली तर किती दिवसांत देश सोडावा लागतो?" रसायनशास्त्रात त्याचं तिसरं वर्ष चालू होतं. काम वाईट चाललं होतं असं नाही. पण रेणू तयार करण्यापेक्षा त्यांच्या मोजमापातून निघणाऱ्या आकड्यांशी खेळण्यात त्याला जास्त रस वाटू लागला होता, आणि त्याच विद्यापीठात संख्याशास्त्राचा चांगला विभाग होता. वर्षभर त्याने हे कोणालाच बोलून दाखवलं नव्हतं. कारण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणीतरी ठोकून दिलं होतं की एफ-१ वर विषय बदलला की व्हिसा गेला.

तुमच्यापैकी किती जण अशा गप्प बसलेल्या वर्षात आहेत मला माहीत नाही, पण एकटा तो नक्कीच नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि अठराव्या-बाविसाव्या वर्षी निवडलेला विषय सव्विसाव्या वर्षीही तितकाच आवडेल अशी हमी यातल्या कोणालाच मिळालेली नव्हती.

आपला ब्लॉग विज्ञानाचा, म्हणून आधी थोडं पक्ष्यांकडे जाऊ. एरिक चार्नोव्ह या परिस्थितीशास्त्रज्ञाने १९७६ साली एक सुंदर गणित मांडलं. पक्षी एका झाडावर किडे टिपतोय. जसजसे किडे कमी होतात तसतसा प्रत्येक किड्यामागे वेळ जास्त जातो. मग त्याने झाड कधी सोडावं? चार्नोव्हचं उत्तर असं की या झाडावर मिळकतीचा वेग आजूबाजूच्या साऱ्या रानाच्या सरासरी वेगाइतका खाली आला की उडावं. त्या सरासरीत दोन झाडांमधल्या प्रवासाचा वेळही धरलेला असतो. त्यामुळे झाडं जितकी दूर दूर, तितका वेळ पक्षी जवळजवळ रिकाम्या झाडावरही बसून राहतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं.

आता समजा, त्या पक्ष्याला कोणीतरी खोटंच सांगितलं की पुढचं झाड शंभर मैलांवर आहे. तो रिकाम्या फांदीवर टोच्या मारत बसेल. माझ्या मते आपल्या बऱ्याच मुलांचं नेमकं हेच होतं. बदलाची किंमत असते, नाही कोण म्हणतं? पण अफवांनी ती दसपट करून ठेवली आहे.

खरी किंमत काय, ते बघू. एफ-१ वर तुम्ही 'कुठल्यातरी एका विषयाला' बांधलेले नसता. तुम्ही बांधलेले असता ते पूर्णवेळ शिकत राहण्याला आणि आय-२० वर लिहिलेलं व प्रत्यक्षात चाललेलं यांचा मेळ राखण्याला. त्याच विद्यापीठात विषय बदलला, तर डीएसओ सेव्हिसमध्ये नोंद बदलतो आणि नवा आय-२० देतो. पातळी बदलली, म्हणजे पीएचडीवरून मास्टर्सवर आलात, तरी तेच. फक्त कागद थोडे जास्त. विद्यापीठ बदललं तर सेव्हिसची नोंद एका ठरलेल्या तारखेला नव्या विद्यापीठाकडे जाते. पुढच्या उपलब्ध सत्रात शिक्षण सुरू करावं लागतं आणि मधला खंड ५ महिन्यांपेक्षा लांबता कामा नये. पासपोर्टवरच्या व्हिसावर जुन्या विद्यापीठाचं नाव असलं तरी मुदत आणि सेव्हिस क्रमांक तोच असेपर्यंत तो चालतो. व्हिसा हा दारातून आत येण्याचा परवाना. आत आल्यावर तुमचं स्टेटस आय-२० आणि सेव्हिसवर ठरतं. ही एक गोष्ट नीट समजली तरी अर्धी झोप परत मिळते.

आणि हो, तुमच्या प्राध्यापकाकडे सेव्हिसचं लॉगिन नसतं. "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे" असं सुचवणारे मार्गदर्शक मी पाहिलेत. त्यांच्या हातात असतो तुमचा पगार, शिफारसपत्र आणि विभागातलं वजन. हे काही कमी नाही, पण व्हिसा वेगळा.

मग अडतं कुठे? माझ्या अनुभवात, पैशापाशी. पीएचडीला असताना असिस्टंटशिपमुळे फी माफ असते आणि दरमहा काही हातात येतं. मास्टर्सला गेलात की बहुतेक ठिकाणी दोन्ही बंद. आणि नवा आय-२० काढायचा तर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते, ती नुसती तोंडी चालत नाही. म्हणजे कायद्याने दार उघडं, पण उंबऱ्यावर काही हजार डॉलर मोजायचे. घरून आलेला मुलगा ज्या गोष्टीला 'व्हिसाची अडचण' म्हणतो ती पुष्कळदा ही असते. ती तशीच, तिच्या नावाने ओळखली तर तिच्यावर उपाय शोधता येतात: नव्या विभागातली पीएचडीचीच जागा मागणं, शिकवण्याचं काम, दुसऱ्या प्रयोगशाळेत एक सत्र. व्हिसाला घाबरून बसलं की यातलं काहीच विचारायचं सुचत नाही.

दुसरी अडचण क्रमाची. आधी सोडायचं आणि मग विचारायचं, हा उलटा क्रम खरोखर महागात पडतो. रागाच्या भरात विषय ड्रॉप करून पूर्णवेळेच्या खाली आलात किंवा न सांगता जाणं बंद केलंत, तर स्टेटस तुटतं आणि मग एका दिवसाचीही सवलत नाही. डीएसओच्या परवानगीने माघार घेतलीत तर जायला १५ दिवस मिळतात. आणि अभ्यासक्रम रीतसर पुरा करून, समजा मास्टर्सची पदवी पदरात पाडून निघालात, तर ६० दिवस. कृती तीच, सोडण्याची. पण शून्य, पंधरा की साठ हे तुम्ही कोणत्या दारातून बाहेर पडता त्यावर ठरतं. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच एका आकड्यात देता आलं नाही. विद्यापीठ बदलत असाल तर आणखी एक: नोंद ज्या तारखेला जाते त्या दिवशी जुन्या कॅम्पसवरची नोकरीही संपते. शेवटचा पगार डोळ्यांसमोर ठेवून ती तारीख निवडा. नवा आय-२० हातात येईपर्यंत भारतात चक्कर मारायचा मोहही टाळा, मग घरी लग्न असलं तरी.

पीएचडीतून मास्टर्स घेऊन बाहेर पडणाऱ्यांनी ओपीटीचं गणित आधी करावं. ओपीटी दर पदवी-पातळीला १२ महिने एकदाच मिळते. तुम्ही भारतातून थेट पीएचडीला आला असाल तर मास्टर्सच्या पातळीवरचे बारा महिने शिल्लक असतात. पण इथेच आधी एमएस करून ती ओपीटी वापरली असेल, तर त्याच पातळीवर पुन्हा मिळत नाही. अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, आणि त्याआधी आय-२० वर पातळी आणि शेवटची तारीख बदललेली असावी लागते.

स्टेमच्या २४ महिन्यांच्या वाढीत तर गंमतच आहे. तुमचा विषय विज्ञान आहे की नाही हे तुम्ही प्रयोगशाळेत काय करता यावर ठरत नाही, तर सीआयपी कोड नावाच्या सहा आकडी क्रमांकावर ठरतं. ही वर्गवारी १९८० पासून अमेरिकी शिक्षण खात्याची आकडेवारी गोळा करण्यासाठी आहे. परदेशी मुलांचं भवितव्य ठरवण्यासाठी ती मुळात बनलेली नव्हती. तरी साधं 'अर्थशास्त्र' ४५.०६०१ या कोडखाली असलं तर स्टेम नाही आणि 'अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्र' ४५.०६०३ असलं तर आहे. म्हणून बऱ्याच विभागांनी आपला कोडच बदलून घेतला. नव्या विषयात उडी मारताना विभागाचं नाव वाचू नका, कोड विचारा.

आतापर्यंत मी म्हणत आलो की झाडं वाटतात त्यापेक्षा जवळ आहेत. पण ती मुद्दाम दूर नेण्याचे प्रयत्नही होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने एक प्रस्ताव मांडला. शिक्षण चालू असेपर्यंत राहू देण्याची पद्धत बंद करून प्रवेश जास्तीत जास्त ४ वर्षांचा करायचा, ६० दिवसांचे ३० करायचे, पदवीपूर्व विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षात बदल नाही, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम बदलायला जवळपास मनाईच, आणि एक पदवी झाली की पुढची वरच्याच पातळीची हवी. अशा ठरावीक मुदतीचा प्रस्ताव २०२० मध्येही आला होता. २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला.

चार वर्षांच्या मर्यादेवर सगळ्यांनी ओरड केली, आणि रास्तच, कारण पीएचडी चार वर्षांत क्वचितच उरकते. मला मात्र बदलाची मनाई जास्त घातक वाटते. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले व्यंकटरामन रामकृष्णन १९७१ साली अमेरिकेत आले. १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएचडी झाली, आणि मग त्यांनी काय केलं? कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला जाऊन जीवशास्त्राचे विद्यार्थी म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, दोन वर्षं. पुढे रायबोसोमची रचना उलगडण्यासाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, रसायनशास्त्र: तीन झाडं! आज एफ-१ वरच्या एखाद्या मुलीला हीच वाट धरायची असेल, तर त्या प्रस्तावातलं 'वरच्याच पातळीची पदवी' हे कलम तिला पहिल्याच वळणावर अडवेल. पीएचडीच्या वर कोणती पातळी आणणार?

सरकारी बाजू अशी की वर्षानुवर्षं नुसते अभ्यासक्रम बदलत राहणारे लोक असतात. असतील. त्यांना शोधायला सेव्हिस आहे, डीएसओ आहेत. त्यांच्यापायी प्रामाणिकपणे चुकीच्या प्रश्नावर काम करणाऱ्याला तो प्रश्न सोडूच न देणं, हे विज्ञानाच्या स्वभावाविरुद्ध आहे. प्रयोग फसतोय हे दिसल्यावर गृहीतक बदलतो त्याला आपण चांगला संशोधक म्हणतो. तोच माणूस विषय बदलतो म्हटल्यावर आपण, आणि सांगली-साताऱ्याला बसलेले त्याचे आईवडीलही, 'अर्धवट सोडलं' म्हणतो.

तो मुलगा सोमवारी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात गेला. अर्ध्या तासात काम झालं म्हणे. वसंतात रसायनशास्त्रातली मास्टर्स पुरी करायची आणि त्याआधी संख्याशास्त्राला अर्ज, असं ठरलंय. पैशांचं अजून जमायचं आहे. शिकवण्याच्या कामासाठी त्याने तिथल्या दोन प्राध्यापकांना मेल टाकलेत. मार्गदर्शकाशी बोलणं पुढच्या आठवड्यात.