बारीक झाल्याचं कौतुक पुरे

‘किती बारीक झालीस गं! काय केलंस, आम्हालाही सांग की.’ लग्नसराईत हे वाक्य कानावर पडत नाही असं मंगल कार्यालय महाराष्ट्रात सापडायचं नाही. ज्या चाळिशीच्या बाईला ते ऐकवलं जातं, ती घरी जेवण उरकलं की उलटीचा आवाज दाबायला बाथरूमचा नळ मोठा सोडत असेल, अशी शंका कुणाला येत नाही. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी यांच्या आड न जेवणंही बिनबोभाट खपून जातं. उपवासाला आमचा आक्षेप नाही. बहुतेकांची एकादशी दुप्पट खाशीच असते. उपवासाचे वार वाढत जातात आणि फराळाची बशीही न शिवता परत जाते, तेव्हा मात्र घरच्यांनी जागं व्हायला हवं.

खाण्याचे विकार म्हणजे शहरी पोरींची थेरं, हा समज जिवावर बेततो आहे. हे आजार पुरुषांना होतात, चाळिशी-पन्नाशीतही होतात. ॲनोरेक्सियाचा, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने जेवण तोडण्याच्या विकाराचा, मृत्युदर मनोविकारांत सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. 36 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ॲनोरेक्सियाच्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण एक आत्महत्येचा निघाला. बुलिमियात, म्हणजे अधाशासारखं खाऊन ते उलटून टाकण्यासारख्या विकारात, तर वजन बहुधा चारचौघांसारखंच असतं, त्यामुळे संशयालाही जागा उरत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण मात्र त्यातही मोठं आहे.

यातली खरी मेख वजनकाट्यावर दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रुख यांनी 1962 मध्येच नोंदवलं होतं, की या रुग्णांना शरीराच्या आतल्या खुणाच नीट वाचता येत नाहीत. राग आलाय, एकटं वाटतंय की नुसती भूक लागलीय, याचा त्यांना उलगडा होत नाही. भावना ओळखता आणि सांगता न येण्याच्या या अवस्थेला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. खाण्याचे विकार असलेल्यांत ती इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते. मग न जेवून किंवा अधाशासारखं खाऊन आतला कल्लोळ तेवढ्यापुरता दाबला जातो. तेही पुरेनासं झालं, की आत्महत्येचा धोका वाढतो.

आणि आपली सगळी यंत्रणा रुग्णाने तोंड उघडण्याची वाट पाहत बसते! डॉक्टर विचारतात, ‘मन उदास असतं का?’ उत्तर येतं, ‘छे हो, जरा ॲसिडिटी आहे.’ गोळ्या लिहून दिल्या जातात, पुढचा पेशंट आत येतो. ती बाई खोटं बोललेली नसते. तिला पोटातली जळजळ कळते, त्यापलीकडचं सांगताच येत नाही. वारंवारच्या उलट्यांनी वरच्या दातांचं आतल्या बाजूचं एनॅमल झिजलेलं दंतवैद्याला दिसतं, रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं फिजिशियनला दिसतं. दोघं आपापल्यापुरतं बघतात.

2022 मध्ये महाराष्ट्रात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात कौटुंबिक कलह आहे, आजारपण आहे, मनोविकारांचा एक सरसकट रकाना आहे. खाण्याच्या विकारांना रकाना नाही, मग तरतूद कुठून येणार?

आरोग्य खात्याने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जेवणाबद्दलचे प्रश्न सक्तीचे करावेत. फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र बसतील असा बाह्यरुग्ण विभाग निदान ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांशी जोडून सुरू व्हावा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणं बंधनकारक केलं आहे. दावे फेटाळणाऱ्या कंपन्यांना त्याची आठवण विमा नियामकाने करून द्यावी. आणि खाण्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रौढाला जगणं नकोसं वाटतं का, हे डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत विचारावं. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

घरच्यांनीही विचारावं, उत्तरासाठी घाई न करता. बारीक झाल्याचं कौतुक तर आजच थांबवता येईल. स्वतःला किंवा जवळच्या कुणाला असं काही जाणवत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत सुरू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.