घरच्या चाचणीचा आकडा कोणाच्या वहीत?

७ जानेवारी २०२२ रोजी मुंबईत एका दिवसात २० हजार ९७१ करोनाबाधितांची नोंद झाली. साथ सुरू झाल्यापासूनचा शहराचा तो उच्चांक होता. दुसऱ्या लाटेत, ४ एप्रिल २०२१ रोजी, ११ हजार १६३ हा आकडा पाहून ज्या शहराच्या उरात धडकी भरली होती, त्या शहराने आता त्याच्या जवळपास दुप्पट रुग्ण एका दिवसात पाहिले. पण अवघ्या तीन दिवसांनी, १० जानेवारीला, ही संख्या १३ हजार ६४८ वर उतरली आणि ११ जानेवारीला ११ हजार ६४७ वर आली. लाट ओसरू लागली, असा दिलासा अनेकांना वाटला. नेमक्या त्याच दिवसांत औषधाच्या दुकानांतून घरगुती चाचणी संचांना मोठा उठाव होता आणि त्या संचांवर उमटणाऱ्या दोन रेघांपैकी किती सरकारदरबारी पोहोचत होत्या, याचे खात्रीलायक उत्तर कोणापाशीच नव्हते. महापालिकेने विक्रेत्यांना संचांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे आदेश दिले, ते याच चिंतेतून.

ही केवळ एका महिन्यापुरती गोष्ट असती, तर ती विस्मरणात गेली तरी बिघडले नसते. परंतु घरच्या घरी रोगनिदान करण्याची सोय आता कायमची झाली आहे. त्यामुळे जाहीर होणारी रुग्णसंख्या प्रत्यक्षातील संसर्गाचे प्रतिबिंब असते का, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक साथीत उभा राहणार आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर आधी हा आकडा कसा तयार होतो हे पाहायला हवे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या 'कोविसेल्फ' या संचाला मान्यता दिली. किंमत २५० रुपये. नाकातील स्रावाचा नमुना स्वतः घ्यायचा, पट्टीवर थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे, इतकी ती पद्धत सोपी होती. लक्षणे असलेल्यांनी आणि बाधितांच्या निकट संपर्कात आलेल्यांनीच ही चाचणी करावी, सरसकट कोणीही करू नये, अशी परिषदेची सूचना होती. चाचणी झाल्यावर पट्टीचे छायाचित्र कंपनीच्या मोबाइल अॅपवर चढवायचे आणि ती माहिती परिषदेच्या यंत्रणेत जमा व्हायची, अशी रचना होती. निष्कर्ष 'बाधित' असा आला तर तो ग्राह्य धरायचा. लक्षणे असूनही तो 'अबाधित' आला, तर मात्र आरटीपीसीआर चाचणी करून घ्यायची.

कागदावर ही साखळी निर्दोष होती. व्यवहारात तिचा शेवटचा दुवा चाचणी करणाऱ्याच्या मर्जीवर टांगलेला होता. प्रयोगशाळेत चाचणी केली की तिचा अहवाल प्रयोगशाळाच यंत्रणेकडे पाठवते. रुग्णाला त्यासाठी बोटही हलवावे लागत नाही. घरच्या चाचणीत ते काम रुग्णाने स्वतः करायचे असते, तेही अंगात ताप असताना. आणि त्याने ते का करावे? निदान तर झालेच, डॉक्टर दूरध्वनीवर औषधे सांगतात, नोंद केल्याने उपचारात भर पडत नाही. उलट नोंद केली तर महापालिकेचा दूरध्वनी येणार, सात दिवसांचे विलगीकरण येणार आणि शेजाऱ्यांच्या नजरा बदलणार. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत इमारतीतील वीस टक्क्यांहून अधिक घरांत रुग्ण आढळल्यास संपूर्ण इमारत किंवा तिचा विभाग टाळेबंद करण्याचा नियम होता. अशा वेळी एका कुटुंबाचा प्रामाणिकपणा साऱ्या सोसायटीला महागात पडू शकत होता. ज्याची मजुरी रोजच्या हजेरीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी तर नोंद म्हणजे आठवडाभराच्या कमाईवर पाणी.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात सोजिरांनी घरोघरी झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले, प्रेतेही लपवली. त्या सक्तीची आणि आजच्या आरोग्य खात्याची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. मात्र मोजणीपाठोपाठ शिक्षा येते असा समज एकदा रुजला की लोक मोजणीपासून दूर पळतात, हा त्या काळाचा धडा आजही खरा आहे.

अर्थात, घरगुती संच येण्यापूर्वी आकडे वास्तवाशी तंतोतंत जुळत होते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केलेल्या रक्तद्रव सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के लोकांच्या शरीरात प्रतिपिंडे आढळली. इतर वस्त्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. देशपातळीवरील चौथे सर्वेक्षण जून-जुलै २०२१ मध्ये झाले. त्यात ६७.६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे सापडली. लसीकरणामुळे हा आकडा फुगला असेल अशी शंका घ्यावी, तर लस न घेतलेल्यांतही हे प्रमाण ६२.३ टक्के होते. त्या वेळी देशातील नोंदलेले रुग्ण तीन कोटींच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या दोन-अडीच टक्केच होते. नोंद झालेल्या एका रुग्णामागे वीस-पंचवीस जण नोंदीविना बाधित होऊन गेले होते, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्यांच्यातील अनेकांना लक्षणेच नव्हती, अनेकांपर्यंत चाचणी पोहोचली नव्हती.

मग घरगुती चाचणीने नवे काय बिघडवले? येथेच खरी मेख आहे. एखाद्या दुकानाचा तराजू नेहमीच पावशेर कमी दाखवत असेल, तर खरे वजन कळत नाही. पण कालच्यापेक्षा आज माल जास्त आहे की कमी, एवढे तरी कळते. तराजूची चूक रोज बदलू लागली, तर तेवढेही कळेनासे होते. नोंदीतून सुटणाऱ्या रुग्णांचे प्रमाण स्थिर असेल तर आकड्याची उंची चुकते, पण त्याची दिशा बरोबर राहते. सरकार, रुग्णालये आणि नागरिक या दिशेवरच निर्णय घेत असतात. घरगुती चाचण्यांमुळे सुटणाऱ्यांचे हे प्रमाणच हलते होते. शिवाय ते सर्वाधिक हलते ऐन लाटेत. प्रयोगशाळांपुढे रांगा लागल्या, अहवालाला दोन-तीन दिवस लागू लागले की लोक औषधाच्या दुकानाकडे वळतात. म्हणजे संसर्ग सर्वाधिक असतो, तेव्हाच नोंद सर्वाधिक अपुरी असते. लाटेचे शिखर कागदावर आपोआप खुजे होते.

याला दुसरी बाजूही आहे. बाधितांचे प्रमाण काढताना एकूण चाचण्यांची संख्या छेदात असते. घरी केलेल्या आणि 'अबाधित' निघालेल्या चाचणीची नोंद करण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. 'बाधित' निघालेल्यांपैकी काही जण मात्र खात्री करून घेण्यासाठी प्रयोगशाळेत जातात. परिणामी रुग्णसंख्या खाली ओढली जाते आणि त्याच वेळी बाधितांचे प्रमाण वर ढकलले जाऊ शकते. दोन निर्देशांक एकाच वेळी विरुद्ध दिशांना चुकू लागले, तर त्यांना समोरासमोर ठेवून सत्य शोधणेही कठीण होते. त्यात ही प्रतिजन चाचणी आरटीपीसीआरइतकी संवेदनशील नसते. संसर्गाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ती चकवा देते. एक रेघ पाहून निर्धास्त झालेला माणूस घराबाहेर पडतो आणि तोही कोणत्याच नोंदीत नसतो.

मुंबईतील त्या उताराकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. ७ जानेवारीनंतरची घट सर्वस्वी आभासी होती, असे म्हणता येणार नाही. रुग्णालयांतील बहुसंख्य खाटा रिकाम्याच राहिल्या आणि काही आठवड्यांत लाट खरोखरच ओसरली. पण त्या घटीतला किती वाटा संसर्गाचा आणि किती मोजणीचा, हे वेगळे करणे अशक्य होते. योगायोग असा की, १० जानेवारीलाच वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचण्यांचे निकष बदलले. बाधितांच्या संपर्कातील व्यक्ती वयाने किंवा सहव्याधींमुळे जोखमीच्या गटात नसल्यास तिची चाचणी करण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणजे त्यानंतरच्या आकड्यांवर एकीकडून घरगुती संचांचा आणि दुसरीकडून नव्या निकषांचा परिणाम होत राहिला.

हा गोंधळ केवळ तज्ज्ञांच्या चर्चेपुरता नव्हता. दैनंदिन रुग्णसंख्या वीस हजारांवर गेली तर शहरात टाळेबंदी लावावी लागेल, असा इशारा तत्कालीन महापौर किशोरी पेडणेकर यांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिला होता. प्रत्यक्षात आकडा वीस हजारांवर गेला. टाळेबंदी लागली नाही. भरलेल्या खाटा आणि प्राणवायूची मागणी हेच खरे निकष, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. ती शहाणपणाची होती; पण त्यातून एक कबुलीही मिळाली. ज्या आकड्यावर लाखो लोकांचा रोजगार आणि मुलांच्या शाळा अवलंबून ठेवल्या होत्या, तो आकडा एवढे ओझे पेलण्याच्या योग्यतेचा राहिला नव्हता.

ब्रिटनचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने एप्रिल २०२० पासून मार्च २०२३ पर्यंत एक स्वतंत्र सर्वेक्षण चालवले. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या घरांतील लोकांची, लक्षणे असोत वा नसोत, ठरावीक काळाने चाचणी घेतली जाई. मार्च २०२२ च्या अखेरीस या सर्वेक्षणाने सांगितले की, देशात सुमारे ४९ लाख लोक बाधित आहेत आणि इंग्लंडमध्ये दर तेरा जणांमागे एकाला संसर्ग आहे. तोवरचा हा सर्वोच्च अंदाज होता. १ एप्रिलपासून इंग्लंडमध्ये सर्वांसाठीच्या मोफत चाचण्या बंद झाल्या. केवळ नोंदलेल्या रुग्णांवर भिस्त ठेवणाऱ्याला साथ झपाट्याने संपली असेच वाटले असते. अमेरिकेत सरकारने २०२२ च्या सुरुवातीला कोट्यवधी संच घरपोच पाठवले. पण निष्कर्ष कळवण्याचे बंधन घातले नाही. तेथे या संचांचा वापर सुशिक्षित आणि सधन वर्गात अधिक झाल्याचेही दिसून आले. म्हणजे नोंदीतून नाहीसे होणारे रुग्ण समाजाच्या सर्व थरांतून सारखेच नाहीसे होत नाहीत. भारतात २५० रुपये खर्चून चाचणी करणारा वर्ग कोणता, हे सांगण्याची गरज नाही. पहिल्या लाटेत झोपडपट्टीतला संसर्ग आकड्यांत दिसला नव्हता. तिसऱ्या लाटेत उंच इमारतींतला संसर्गही त्यातून निसटू लागला.

यावर उपाय म्हणून घरगुती चाचण्यांवर बंदी घालावी, असे कोणी सुचवत असेल तर तो रोगापेक्षा भयंकर उपाय ठरेल. पंधरा मिनिटांत निदान झालेला माणूस घरातल्या वृद्धांपासून दूर राहतो, प्रयोगशाळेवरचा ताण कमी करतो. नोंद झाली नाही तरी संसर्गाची एक साखळी तुटते. व्यक्तीच्या दृष्टीने चाचणीचा हेतू साध्य होतो; समाजाच्या मोजणीचा तेवढा राहून जातो. हे दोन हेतू वेगळे आहेत, हे एकदा मान्य केले की मोजणीसाठी वेगळी व्यवस्था उभारणे आले.

तशी व्यवस्था अशक्यही नाही. क्षयरोगाच्या बाबतीत खासगी डॉक्टरांकडे जाणारे लाखो रुग्ण सरकारी आकड्यांत येत नव्हते. मे २०१२ मध्ये या रोगाची नोंद सक्तीची झाली. मार्च २०१४ पासून क्षयरोगाच्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही ठेवणे दुकानदारांना बंधनकारक झाले आणि औषधांच्या खपावरून लपलेल्या रुग्णांचा अंदाज बांधता येऊ लागला. चाचणी संचांच्या खपाचाही असाच उपयोग होऊ शकतो. खरेदीदाराचे नाव न विचारता, केवळ प्रभागवार विक्री कळली तरी इशारा मिळतो. सांडपाण्यातील विषाणूचे प्रमाण हा दुसरा मार्ग. तेथे कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही आणि लक्षणे नसलेलाही मोजला जातो. मात्र आपल्या शहरांतील मोठी वस्ती बंदिस्त गटारांना जोडलेलीच नाही, ही त्याची मर्यादा आहे. तिसरा मार्ग ठरावीक घरांच्या नियमित सर्वेक्षणाचा. तो खर्चिक आहे. पण चुकीच्या वेळी लावलेल्या टाळेबंदीपेक्षा निश्चितच स्वस्त.

आणि शेवटी मृत्यूची नोंद. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतात दोन वर्षांत ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. केंद्र सरकारने त्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. पुढे मे २०२५ मध्ये सरकारच्याच नागरी नोंदणीचे आकडे प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये नोंदलेले मृत्यू ८१ लाखांच्या आसपास होते. २०२१ मध्ये ते १ कोटी २ लाखांवर गेले. नोंदणीची व्याप्ती वाढली हे त्यामागचे एक कारण मानले, तरी सुमारे २१ लाखांची ही वाढ एका वर्षातली आहे. हे आकडे हाती यायला चार वर्षे लागली. ज्यांच्या आधारे निर्णय घ्यायचे, ते निर्णयाची वेळ उलटून गेल्यावर मिळाले.

मे-जून २०२५ मध्ये करोनाने पुन्हा थोडे डोके वर काढले, तेव्हा देशातील उपचाराधीन रुग्णांचा आकडा सात हजारांच्या आसपास गेला आणि रोज उठून तोच चर्चेत राहिला. किती जणांनी चाचणी केली, किती जणांनी ती घरी केली आणि किती जण नुसती तापाची गोळी घेऊन कामावर गेले, हे त्या आकड्यात कोठेच नव्हते. सुदैवाने तो विषाणू सौम्य होता. पुढचा तसा असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. सर्वेक्षणाची घरे, सांडपाण्याच्या तपासणीची ठिकाणे आणि संचांच्या विक्रीची नोंद यांची घडी साथ नसतानाच बसवावी लागते. रुग्णाने नोंद केली तर त्याची मजुरी बुडणार नाही आणि त्याचे दार टाळेबंद होणार नाही, हा विश्वासही याच शांत काळात द्यावा लागतो. ते झाले नाही, तर पुढच्या साथीतही रोज सायंकाळी एक आकडा जाहीर होईल आणि तो खरा किती, हे पुन्हा काही वर्षांनी कळेल.