शून्याचा दाखला

कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा असतो. कारागृहात एकही मनोरुग्ण बंदी नाही, असे त्यात प्रमाणित करायचे, अशी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम १०३ ची भाषा आहे. हेतू चांगला आहे. मनोरुग्ण कोठडीत खितपत पडू नये, त्याला उपचारासाठी हलवावे. शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा ठरवले, त्यामागेही हीच कळकळ होती. पण शून्य लिहिणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. आकडा लिहिणाऱ्याला मात्र 'मग हलवले का नाही' असे विचारण्याचा अधिकार मंडळाला आहे.

फझेल आणि सीवाल्ड यांनी २०१२ मध्ये २४ देशांतील ३३,५८८ कैद्यांवरील अभ्यास एकत्र तपासले. पुरुषांत सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणारा तीव्र मनोविकार) ३.६ टक्के, तीव्र नैराश्य १०.२ टक्के, स्त्रियांत नैराश्य १४.१ टक्के. आपल्याकडे प्रमाण कमी-अधिक असेल, पण हजारो बंदी असलेल्या येरवडा कारागृहात ते शून्य असणे शक्य नाही.

असे आजारी बंदी नजरेतून सुटतात, कारण आरडाओरडा करणारा लगेच दिसतो, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहणारा 'शांत बंदी' ठरतो. दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांत भ्रम झालेल्याला नाटकी म्हटले जाते. खरे तर त्याचा जीव धोक्यात असतो. आणि शेजारी शिपाई उभा असताना 'मरावेसे वाटते का?' या प्रश्नाला खरे उत्तर कोण देईल?

म्हणून दाखल होतानाची एकच तपासणी पुरत नाही. पहिल्या आठवड्यात पुन्हा विचारावे. जामीन फेटाळला गेला, शिक्षा लागली, घरचे मुलाखतीला येईनासे झाले, की पुन्हा विचारावे, आणि तेही शिपायाला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी. येरवड्यातच १९१५ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तपासणीत सापडलेला बंदी तिथल्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत किती दिवसांत पोहोचला, याचीही नोंद हवी. नाहीतर तपासणीचा उपयोग कागदापुरताच.

कारागृहांत काम करणाऱ्या वाचकांना विनंती आहे, पुढच्या तिमाहीच्या अहवालात खरा आकडा लिहा. किती जणांना तपासले, किती आजारी आढळले, किती अजून उपचारांविना आहेत, तेही लिहा. मंडळावरील मानसोपचारतज्ज्ञांनी शून्याचा अहवाल आला की स्वतः कारागृहात जावे. कारागृहाला भेट देण्याचा अधिकार मंडळाला कलम १०३ नेच दिला आहे.